बाभळीचा काटा, फुटलेली गिट्टी आणि ३२ मिमीचा ट्यूबलेस टायर

मे संपता संपता वर्धा जिल्ह्यातल्या कोणत्याही गावरस्त्यावर बाभळीच्या फांद्यांनी लादलेली बंडी पुढे दिसली, तर सायकलवाल्यानं तिच्या मागे लागू नये. पेरणीच्या तोंडावर धुऱ्यावरची कुंपणं नव्यानं रचतात. फांद्या बंडीच्या बाहेर लोंबतात, डांबरावर घासत जातात आणि पुढचे आठ-दहा दिवस त्या पट्ट्यात काटे पडून असतात. सुकलेला काटा डांबराच्याच रंगाचा होतो, त्यामुळे तो डोळ्यांना दिसत नाही. तो कळतो तो टायरलाच.

रोड सायकलसाठी मिळणारा ३२ मिमीचा हलका ट्यूबलेस टायर या मुलखात टिकतो का, एवढ्याच प्रश्नाचं हे परीक्षण आहे. एका कंपनीचं नाव घेऊन उपयोग नाही, कारण या वर्गातले बहुतेक टायर सारखेच वागतात: मापाचा आकडा ३२-६२२ (रुंदी आणि रिमवरचं माप, मिमीत), वजन ३०० ते ३५० ग्रॅम, मधला पट्टा जवळजवळ गुळगुळीत, काठ ट्यूबलेस रिमवर घट्ट बसणारा आणि आत सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा लॅटेक्सचा पातळ द्रव. जाहिरातीत तो शांत, हलक्या चढउतारांच्या इंग्लिश गावरस्त्यांवर धावताना दाखवतात. ते चित्र अगदीच फसवं नाही. तिथल्या अरुंद रस्त्यांना दोन्ही बाजूंनी हॉथॉर्न आणि ब्लॅकथॉर्नची जिवंत कुंपणं असतात. पक्ष्यांच्या विणीचा काळ म्हणून १ मार्च ते ३१ ऑगस्ट शेतांवरची कुंपणं छाटायला बंदी असते, आणि सप्टेंबर लागला की ट्रॅक्टरला लावलेल्या यंत्रानं छाटणी सुरू होते. पंक्चरचा हंगाम त्यांचाही ठरलेला आहे. फरक काट्यात आहे. हॉथॉर्नचा काटा एक-दोन सेंटिमीटरचा. आपल्या बाभळीचा पाच सेंटिमीटर सहज भरतो, सरळ असतो आणि वाळल्यावर खिळ्यासारखा ताठ राहतो.

आधी निकाल सांगतो. वर्धा, यवतमाळ, अमरावतीच्या सपाट-लाटदार भागात डांबरी गावरस्ते हेच तुमचं मैदान असेल, तर ३२ मिमी ट्यूबलेस घ्या. ट्यूबवाला २८ मिमी शहराबाहेर नेऊ नका. खडीकरणाचे रस्ते आणि पांदणी नेहमीच्या असतील तर ३५ मिमी घ्या. आणि रोज शाळेत, बँकेत, तालुक्याला सायकलनं जाणाऱ्या माणसानं ट्यूबलेसच्या नादी लागूच नये. त्यानं श्वाल्बेच्या मॅरेथॉन प्लससारखा, मधल्या पट्ट्याखाली ५ मिमी जाड लवचिक रबराचा थर असलेला टायर साध्या ट्यूबवर चालवावा. तो जड आहे, चढावर पायांना जाणवतो, पण गोखरूला बहुतेक वेळा त्या थरातच अडवतो.

आता रस्ते. टायर चांगला की वाईट हे रस्त्यावाचून ठरत नाही.

वर्धा, सेवाग्राम, पवनार आणि परत वर्धा हा सगळ्यात सोपा फेरा. वर्ध्याहून सेवाग्राम आठेक किलोमीटर, पुढे धाम नदीकाठच्या पवनारपर्यंतही फार अंतर नाही. गांधी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले आणि विनोबा १९३८ मध्ये पवनारला, त्यामुळे दोन्हीकडे गाड्यांची वर्दळ बारमाही असते. रस्ता एकूण बरा आहे. एवढ्यापुरता अपवाद म्हणून २८ मिमीही चालेल, ३२ ची खरी परीक्षा इथे होत नाही.

परीक्षा होते ती सेलूहून हिंगणीमार्गे बोर धरणाकडे जाताना. वर्धा ते सेलू हा नागपूर रस्त्याचा तुकडा गाड्यांच्या गर्दीचा आहे, तो उजेड पडताच उरकावा. सेलू सोडलं की रस्ता अरुंद आणि शांत होतो आणि लाटा सुरू होतात. विदर्भातला चढउतार हा असाच असतो: रस्ता नाल्याकडे उतरतो, रपटा किंवा पुलिया ओलांडतो आणि पलीकडे तेवढाच चढतो. डोंगर कुठे नाही, पण पन्नास किलोमीटरमध्ये अशा पंधरा-वीस खाचा आल्या की पाय भरतात. पुढे ५०-३४ आणि मागे ११-३२ चे दाते पुरेसे आहेत. (चिखलदऱ्याचा घाट हे वेगळं प्रकरण, त्याचा इथे संबंध नाही.) उतार संपतो तिथेच रपट्यावर गाळ, वाळू आणि पुरानं आणलेला काडीकचरा साचलेला असतो, म्हणून ब्रेक रपट्याच्या आधी लावायचे, रपट्यावर नाही. ३२ मिमीचा रुंद टायर इथे खरोखर कामी येतो: ओल्या गाळावर २८ चा टायर घसरतो तिथे तो थोडा वेळ तरी धरून ठेवतो.

बोरला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. जंगलाच्या आत सायकल नेता येत नाही, धरणाकडच्या सार्वजनिक रस्त्यावरच राहायचं. अंधारात तिकडे जाऊ नये. वाघापेक्षा रोजचा धोका रोह्यांचा (नीलगाईंचा): एक रोही रस्ता ओलांडून गेला की सायकलवाला सुटलो म्हणून पायडल मारतो, आणि मागचे दोन त्याच्या अंगावर येतात. पहिला दिसला की थांबायचं आणि दहापर्यंत मोजायचं.

तिसरा रस्ता समुद्रपूर ते गिरड. गिरडच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे, म्हणून वाटेवर चहाठेले मिळतात. याच भागात काळ्या मातीचं खरं रूप दिसतं. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचं डांबर तिच्याबरोबर वरखाली होतं. म्हणून रस्ता नवा असला तरी दोन-तीन वर्षांत त्याला लाटा येतात आणि कडा खचतात. मधोमध गुळगुळीत वाटणारा रस्ता काठापासून दीड-दोन फुटांवर लांब भेगेनं चिरलेला असतो. ही भेग गाडीच्या दिशेनंच जाते, त्यामुळे अरुंद टायर तिच्यात अडकतो. ३२ मिमीचा टायर वीस मिमीच्या भेगेवरून तरंगत जातो, २८ चा दचकतो. तीन इंचांच्या भेगेपुढे मात्र दोघंही सारखेच.

रस्ता निवडायची एक साधी युक्ती आहे. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या रस्त्याच्या तोंडाशी फलक असतो. त्यावर लांबी, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि पाच वर्षांच्या देखभालीचा काळ लिहिलेला असतो. तो काळ सरला नसेल तर रस्ता बहुधा बरा. सरून दोन पावसाळे झाले असतील तर ३५ मिमी टायर किंवा दुसरा रस्ता. या रस्त्यांवर डांबर-गिट्टीचा वरचा थर साधारण २० मिमीच असतो. तो एकदा उखडला की खालची बेसॉल्टची गिट्टी मोकळी होते. तिच्या कडा ताज्या फुटलेल्या असतात, आणि टायरच्या बाजूच्या भिंतीला त्या धारेनं कापतात.

या टायरची खरी दुखरी जागा तीच. मधला पट्टा काट्याला पुरून उरतो, बाजूची भिंत गिट्टीपुढे हरते. वजन वाचवण्यासाठी ती पातळ ठेवलेली असते. सेंटिमीटरभर चीर पडली की सीलंट फवाऱ्यासारखं उडतं आणि काही केल्या बंद होत नाही. उपाय एकच: आतून ठिगळ लावून ट्यूब टाकणं. दहाची नोट ठिगळ म्हणून वापरायचा सल्ला बरेच जण देतात. घामानं आणि सीलंटनं ती दहा किलोमीटरमध्ये लगदा होते. टूथपेस्टची संपलेली ट्यूब धुऊन, दोन बोटं रुंद आणि तीन बोटं लांब कापून, कोपरे गोल करून खिशात ठेवा. ती टिकते.

बसवण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण ट्यूबलेसच्या निम्म्या तक्रारी टायरच्या नसतात, बसवण्याच्या असतात. रिमच्या आतली रुंदी २१ मिमी असेल तर स्पोकांची भोकं झाकणारी टेप २४-२५ मिमीची हवी. रिम आधी स्पिरिटनं पुसायची. टेप ताणून ओढायची आणि टोकं चार-पाच इंच एकावर एक घ्यायची. व्हॉल्व्हचं भोक सुरीनं कापू नये, तापवलेल्या सुईनं पाडावं. कापलेल्या कडेपासून टेप फाटत जाते, जळालेल्या कडेपासून जात नाही. व्हॉल्व्हची चकती बोटानं घट्ट करायची, पान्यानं नाही. पान्यानं आवळली तर वाटेत ट्यूब टाकायची वेळ आली की ती उघडत नाही. टायर चढवायला व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला सुरुवात करावी आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करावा, कारण व्हॉल्व्हचं बूड रिमच्या मधल्या खोबणीत जागा अडवून बसतं आणि तिथे काठ खाली उतरत नाही. काठाला साबणाचं पाणी लावा, व्हॉल्व्हमधली पिन काढा आणि एकदम हवा सोडा. दोनदा ठक्क आवाज आला म्हणजे दोन्ही काठ बसले. तरी भिंतीवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का ते बघायचंच. मग हवा सोडून व्हॉल्व्हमधून ४५-५० मिली सीलंट, पिन परत, हवा, आणि चाक दोन्ही कुशींवर दहा-दहा मिनिटं आडवं.

एकदम हवा सोडायला घरचा पंप कमी पडतो. मोटारसायकलचं पंक्चर काढणाऱ्याकडे कॉम्प्रेसर असतो, पण त्याची नळी या चाकांच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हवर बसत नाही. पितळी अडॅप्टर बरोबर न्यावा, सुपारीपेक्षा लहान असतो. अडॅप्टर पिनेवरच चढतो, म्हणून अशा वेळी पिन काढायची नाही. हवा थोडी हळू जाते, पण कॉम्प्रेसरला तेवढंही पुरतं. त्या टाकीत शंभरावर पीएसआय दाब असतो. रिम हुकलेस (काठाला आतून आकडा नसलेली) असेल तर कमाल मर्यादा ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय. मीटर स्वतः हातात धरा, "भाऊ, बस" म्हणायला उशीर झाला तर काठ रिमवरून उडतो आणि सीलंट दुकानाच्या छतापर्यंत जातं.

चालवताना दाब किती? चालक ७० किलो आणि सायकल १० किलो धरली तर डांबरावर पुढे ४५, मागे ५० पीएसआय. गिट्टी उखडलेल्या रस्त्यावर दोन्हीकडे पाच कमी. अंगावर दर दहा किलो जास्त असतील तर तीन-चार वाढवा. साठ-सत्तर भरणाऱ्यांचा आग्रह जुन्या ट्यूबच्या दिवसांतला आहे. तेव्हा कमी हवेत ट्यूब रिम आणि दगडाच्या चिमट्यात सापडून दोन भोकं पडायची. इथे ट्यूबच नाही. जास्त हवेचा दुसरा तोटा असा की सीलंटला भोक बुजवायला वेळच मिळत नाही, दाब त्याला बाहेर ढकलत राहतो. मात्र फार कमीही नको: गावात शिरताना रंग न मारलेले गतिरोधक असतात, आणि ३५ पीएसआयवर मागची रिम त्यांच्यावर आदळते. सकाळी २५ अंशांत ५० भरलेली हवा ४५ अंशांत ५४ च्या आसपास जाते. तेवढ्यानं बिघडत नाही, पण उन्हात उभ्या गाडीच्या टपावर बांधलेल्या सायकलीची हवा आधी थोडी सोडून ठेवावी.

काटा लागलाच तर. सायकल थांबवा, चाक फिरवून काटा शोधा. हवा जात नसेल तर काटा तसाच राहू द्यावा आणि घरी जाऊन काढावा. तो स्वतःच बुचासारखं काम करत असतो. फक्त बाहेरचं टोक लांब असेल तर चिमट्यानं तोडा, नाही तर दर फेऱ्याला ते फ्रेमला लागतं आणि भोक मोठं होतं. हवा जात असेल तर काटा उपटायचा, भोक लगेच खाली आणायचं आणि तिथेच धरून ठेवायचं. फुसफुस होते, पांढरा फेस येतो, दाब तीसच्या आसपास उतरला की बहुधा थांबते. मग हातपंपानं चाळीसपर्यंत भरून पुढे जायचं. तरीही थांबली नाही तर भोकात सायकलची बारीक चिकट दोरी कोंबायची, १.५ मिमीची. मोटारसायकलवाल्यांची जाड दोरी आणि त्यांची कानशीसारखी सळई इथे लावू देऊ नका. बाभळीचं भोक दीड-दोन मिमीचं असतं, ती सळई त्याचं पाच मिमीचं करते. गॅसचं काडतूसही टाळा, गार गॅसनं काही लॅटेक्स सीलंट गोठून गुठळ्या होतात.

ट्यूब टाकायची वेळ आलीच, तर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट टायरच्या आतल्या बाजूला असते. ट्यूबलेस टायरमध्ये महिनाभरात पाच-सहा काट्यांची टोकं मोडून बसलेली असतात. सीलंटमुळे ती त्रास देत नाहीत, म्हणून ती तिथे आहेत हेही कळत नाही. ट्यूब टाकली की पहिल्या शंभर मीटरमध्ये ती बोचतात. बोट फिरवून शोधू नये, रक्त निघतं. मूठभर कापूस घ्या, आतून पूर्ण वळसा फिरवा. टोक असेल तिथे कापसाचा तंतू अडकतो आणि ताणतो. तिथे थांबून टोक बाहेरून दाबून वर आणायचं आणि चिमट्यानं काढायचं. पुन्हा वळसा, कापूस कुठेच अडकत नाही तोपर्यंत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कामाचा कापूस रस्त्याच्या काठच्या झुडपांनाच लटकलेला मिळतो, जिनिंगला जाणाऱ्या गाड्यांतून उडालेला. सरकी तेवढी काढून टाकावी.

ट्यूब स्वतःची बाळगा, एक नव्हे दोन. गावातल्या सायकल दुकानात "अठ्ठावीसची ट्यूब" मागितली तर मिळेल, पण ती २८ गुणिले दीडची, काळ्या सायकलीची. तिच्या टायरचं रिमवरचं माप ६३५ मिमी, आपल्या रोड सायकलच्या ७०० सी टायरचं ६२२. ट्यूब एक वेळ कोंबता येईल, पण तिचा व्हॉल्व्ह जाड असतो आणि प्रेस्टासाठी पाडलेल्या ६.५ मिमीच्या भोकातून जात नाही. टायरचीही तीच गत: अठ्ठावीसचा म्हणून घेतलेला टायर रिमवर ढिला बसतो. यात दुकानदाराची चूक नाही, मापांचीच नावं अशी गोंधळाची आहेत.

सीलंटबाबत डब्यावरचा सल्ला थंड देशांसाठी असतो. तीन ते सहा महिने टिकतं म्हणतात. एप्रिल-मेच्या उन्हात लॅटेक्सचं पाणी उडून महिना-दीड महिन्यात टायरमध्ये रबराची साय उरते. चाक कानाशी धरून हलवा: डुचमळल्याचा आवाज आला नाही तर ३० मिली आणखी टाका. मार्च ते जून दर पाच आठवड्यांनी, पावसाळा आणि हिवाळ्यात दर दहा आठवड्यांनी हे पाळलं की पुरे. वर्षातून एकदा टायर उतरवून आतली साय सोलून काढायची, नाही तर प्रत्येक टायरला पन्नासेक ग्रॅम फुकटचं ओझं होतं.

ऑक्टोबरमध्ये रस्त्याचं स्वरूप बदलतं. सोयाबीन काढायला येतं, काही गावांत ते डांबरावर वाळत घालतात, कुटार रस्त्याकडेला उडतं. शेंगा आणि दाणे पसरलेल्या रस्त्यावर कोणताही टायर, कितीही रुंद, छर्ऱ्यांवर चालल्यासारखा घसरतो. वळू नका, ब्रेक दाबू नका, सरळ जा. शक्य असेल तर उतरून कडेनं चाला, दाणा लोकांच्या वर्षभराच्या मेहनतीचा आहे. पऱ्हाटी आणि तुराटी वाहून नेल्यावर पांदणीत तिरपे कापलेले खुंट राहतात. तिथे हा टायर न्यायचाच नाही.

आणि पाऊस पडून गेल्यावर पांदण म्हणजे या टायरचाच काय, कोणत्याच रोड सायकलचा विषय नाही. काळी माती चाकाला गुंडाळत जाते, पन्नास पावलांत फ्रेम आणि टायर यांच्यातली जागा भरते आणि चाक फिरायचं थांबतं. ढकलत राहिलं तर मागचा गिअर बदलणारा भाग गवताच्या पेंढीसकट ओढला जाऊन त्याचा कान, म्हणजे तो टांगलेली पट्टी, वाकतो. सायकल खांद्यावर घ्यायची. माती ओली असताना काडीनं काढावी, वाळल्यावर ती विटेसारखी होते. म्हणूनच टायर घेण्याआधी फ्रेमचं माप घ्या: ३२ चा टायर २१ मिमीच्या रिमवर ३३ भरतो, आणि दोन्ही बाजूंना किमान चार-पाच मिमी मोकळी जागा हवी. जुन्या, रिमवर दाबणाऱ्या ब्रेकच्या बऱ्याच सायकलींत २८ च्या पुढे काही मावतच नाही. त्यांच्यासाठी हा टायर नाही, दुकानात कोणी "बसवून देतो" म्हटलं तरी.

किंमत हा शेवटचा अडथळा. एका टायरच्या पैशात काळ्या सायकलीचे आठ-दहा टायर येतात, वर टेप, व्हॉल्व्ह आणि सीलंट वेगळे. जोडी एकदम घ्यायला जमत नसेल तर आधी मागचा बदला. वजन मागे जास्त असतं, काटेही तिथेच जास्त लागतात, आणि मागचा झिजून मध्ये सपाट पट्टा दिसू लागला की नवा टायर पुढे लावायचा आणि आधीचा पुढचा मागे. झिजलेला कधीच पुढे नको.